एकोणीस केक आणि एक रिकामी चौकट

८ एप्रिल, सोमवार

त्र्याण्णव! सकाळपासून आमच्या मजल्यावर दुसरा आकडा नाही. कॉफीच्या मशिनपाशी त्र्याण्णव, जिन्यात त्र्याण्णव. शंभर भाग लहर काचेवर सोडली की त्र्याण्णव पलीकडे पोचते. जगात म्हणे आजवर कोणाला जमलं नाही. जगाला विचारायला कोण गेलं होतं, देव जाणे.

प्रोफेसर रोवन ट्रेव्हेना, म्हणजे आमचे साहेब, आज वर्तमानपत्राच्या बाईंना घेऊन आमच्या मोजमापाच्या निळ्या खोलीत आले. भिंतीवरच्या, भटक्या लहरी गिळणाऱ्या फोमच्या सुळक्यांना हात लावू नये, अशी पाटी मीच लावली आहे. साहेबांनी पहिला हात तिथेच टेकला. एक सुळका मोडला. मग भाषण. "ही काच उन्हाची धग बाहेर ठेवते आणि मिलिमीटर लहरींना तेवढी वाट देते." हे मात्र खरं. काचेवर चांदीचा न दिसणारा थर असतो, धग तोच अडवतो, आणि फोनच्या लहरीही तोच अडवतो. त्या थरावर लेझरने हजारो बारीक फुल्या कोरल्या की हवी ती लहर आत येते, बाकीच्यांना दार बंद. पण 'मिलिमीटर' म्हणताना साहेब चिमटीत मीठ धरल्यासारखी बोटं धरतात. आमची लहर साडेअकरा मिलिमीटरची आहे! नावाला मिलिमीटर, मोजायला गेलं तर सेंटीमीटरच्याही वर.

फोटोत साहेब मध्ये, त्यांचा विद्यार्थी पॅनो डावीकडे. मी फोटोच्या बाहेर, बाईंची पर्स धरून. तेहेतीस वर्षं मी साधारण त्याच जागी उभी आहे.

१० एप्रिल, बुधवार

साहेबांनी केक आणला. सुळका मोडल्याचा.

नियम माझा. मी इथे तंत्रज्ञ म्हणून लागले त्या वर्षी केला. प्रयोगशाळेत ज्याच्या हातून काही चुकेल त्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दहाच्या चहाला केक आणायचा. काय चुकलं ते कोणी विचारायचं नाही, मुकाट्याने खायचं. कपाटाच्या दाराच्या आतून यादी चिकटवली आहे — तारीख, नाव, केक. गुन्ह्याला रकाना नाही. लोक त्यामुळे खोटं बोलत नाहीत, हा माझा सिद्धांत, आणि तो प्रोफेसरांच्या बऱ्याच सिद्धांतांपेक्षा जास्त टिकला आहे.

आज साहेबांचा एकोणिसावा. नेहमीचेच, बेकरीतले हिरवे बेडूक-केक, बाराचा डबा. तोंड उघडं टाकलेले ते बेडूक बघितले की मला साहेबांची भाषणं आठवतात. एकोणीस केक! एवढ्यात एखाद्याचं लग्न उरकलं असतं. एकदा तर हा माणूस आठवडाभर पर्थला होता, इकडे मोठी केबल जळली, आणि परत आल्यावर केक घेऊन हजर. "जाण्याआधी मीच चुकीची जोडून गेलो असेन." मी म्हटलं, "रोवन, अडीच हजार किलोमीटरवरून वस्तू बिघडवायची विद्या आम्हालाही शिकव." काय हसले होते सगळे.

माझं नाव यादीत नाही. तेहेतीस वर्षांत एकदाही नाही. कोणी विचारत नाही, तरी मी सांगते.

११ एप्रिल, गुरुवार

पेपरात फोटो आला. माझा कोपर दिसतोय.

१४ एप्रिल, रविवार

गॉलरला एल्वाकडे गेले. ताई आता चौऱ्याहत्तरची. वृद्धांच्या त्या निवासात नऊ नंबरच्या खोलीत तिचं सगळं जग — रेडिओ, तीन कोरफडी आणि तक्रारी.

जानेवारीत बाथरूममध्ये पडली तेव्हा पन्नास मिनिटं फरशीवर होती. गळ्यातलं मदतीचं बटण दाबत राहिली. पण त्याआधीच्या उन्हाळ्यात निवासाने सगळ्या खिडक्यांना धग अडवणाऱ्या नव्या काचा बसवल्या होत्या. गारवा छान, फक्त बटणाची हाक बाहेर पडेना. पन्नास मिनिटं! मी त्या दिवशी तिला फोन केला होता. 'संपर्काबाहेर' आलं, आणि मी म्हटलं, झोपली असेल.

म्हणून तर आमच्या काचेचा पहिला मान या निवासाला. रस्त्यापलीकडे नवीन खांब उभा आहे, छतांना यंत्रं बसवली आहेत. माणूस पडला की यंत्राला आपोआप कळतं आणि ते खिडकीतून खांबाला सांगतं. खिडकीने सांगू दिलं तर.

एल्वा म्हणाली, "तुमच्या त्या जादूच्या काचा लागणार कधी?"

"एक मेला करारावर सह्या, दोन मेला काच कापायला घेणार, जूनमध्ये बसणार. तुझी खोली पहिली."

"म्हणजे परत पडायचं ते जूननंतर. बरं झालं सांगितलंस, पोरी."

हसली. मी नाही हसले. तिच्या मनगटावरची सूज अजून पूर्ण गेलेली नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

आज माशी शिंकली. पॅनो तोंड पाडून माझ्या टेबलाशी आला. पॅनो बेचाळीस वर्षांचा, वीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवत होता, मग एकदम डॉक्टरेट करायची हुक्की आली. फुल्यांची ही नक्षी त्याचीच.

"लॉर्ना, शेहेचाळीस येतंय."

"काय शेहेचाळीस?"

"त्र्याण्णवच्या जागी. प्रबंधासाठी पुन्हा मोजलं. चार वेळा."

मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." त्याचं माप म्हणजे काय, शेंबडं पोरही घेईल. आधी रिकाम्या चौकटीतून लहर सोडायची. पलीकडे जेवढी पोचेल ते शंभर. मग चौकटीत आपली काच बसवायची आणि आता किती पोचली ते बघायचं. दोन पायऱ्या. तिसरी पायरी म्हणजे घरी जाणं.

शिकलेल्या माणसांना साध्या गोष्टी जमत नाहीत. मार्चमध्ये पहिली पायरी मी करून दिली होती, म्हणून तर त्र्याण्णव आलं.

१७ एप्रिल, बुधवार

पॅनो पुन्हा शेहेचाळीस. साहेबांसमोर मीच म्हटलं, "केबल ढिली सोडली असशील. नाहीतर काच तिरकी लावली असशील. वीस वर्षं काचाच लावल्यास ना रे?" सगळे हसले. पॅनो कानापर्यंत लाल.

साहेब चष्मा पुसत राहिले. त्यांना त्र्याण्णव सोडवत नाही, दुसरं काय.

१९ एप्रिल, शुक्रवार

पॅनोने केक आणला. त्याच्या आईने केलेला, रव्याचा, संत्र्याच्या पाकात भिजवलेला. यादीत स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. चूक कुठे झाली ते त्याला सापडलेलं नाही, पण त्र्याण्णव पेपरात छापून आलंय म्हटल्यावर शेहेचाळीसच खोटं असणार, असं त्याने धरून टाकलं.

साहेबांनी दोन तुकडे खाल्ले. म्हणाले, "केक उत्तम. पण घाई केलीस, पॅनो."

मी तीन खाल्ले. त्याला पाककृती विचारली.

२२ एप्रिल, सोमवार

सकाळी पॅनोला त्याची चूक दाखवून द्यावी म्हणून मार्चची वही काढली. उपकार करायची खाज, दुसरं काय.

शुक्रवार, ८ मार्च. 'साधी काच चौकटीत ठेवली — लॉ.' माझं अक्षर. लांब सुट्टी आली की चौकट रिकामी सोडायची नाही, हाही माझाच नियम. रिकामी राहिली तर ती मधून दबते. सोमवारी घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी.

मंगळवार, १२ मार्च. 'रिकामी चौकट मोजली, शंभर धरलं — लॉ.' माझं अक्षर.

या दोन ओळींच्या मध्ये 'साधी काच काढली' अशी ओळ हवी. मी ती नेहमी लिहिते. ती नाही.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर निळ्या खोलीत गेले. साधी काच चौकटीत बसवली आणि तिलाच शंभर धरलं. मग ती काढून आमची काच.

त्र्याण्णव.

म्हणजे त्या दिवशी काच चौकटीतच होती. मी स्वतः पुसलेली — इतकी लख्ख की मलाच दिसली नाही. ती साधी दुहेरी काच एकटीच निम्मी लहर खाते. काट्यावर वाडगा ठेवून काटा शून्यावर आणायचा, आणि मग जगाला सांगायचं, बघा, आमच्या वाडग्याला वजनच नाही. ते मी केलं. खरा आकडा शेहेचाळीस. पॅनोचा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि मी त्याच्या आईच्या केकचे तीन तुकडे खाल्ले.

२३ एप्रिल, मंगळवार

कोणाला सांगितलं नाही. दिवसभर केबली पुसल्या.

२४ एप्रिल, बुधवार

स्वतःशी केलेला युक्तिवाद लिहून ठेवते, म्हणजे नंतर लाज वाटायला सोपं जाईल.

एक — शेहेचाळीस म्हणजे काही शून्य नाही. खिडकीला आत्ता जी काच आहे तिच्यातून हजारातला एखादा भाग जातो. दोन — कराराची अट किमान साठची आहे, पण अटी काय, माणसंच घालतात. तीन — सांगायचंच तर पॅनोने सांगावं, मोजमाप त्याच्या प्रबंधाचं आहे. चार — मी डिसेंबरमध्ये निवृत्त होणार. यादीत कोरी राहून जायला आठ महिने उरलेत.

मग नऊ नंबरच्या खिडकीचा कोन आठवला. खांब तिच्या समोर नाही, पार उजवीकडे आहे. काच तिरकी धरून मोजून पाहिली. पंचवीस. पाऊस असला तर आणखी कमी.

पाचवा मुद्दा सुचला नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

आन्झॅक दिन, युद्धात लढलेल्यांच्या आठवणीचा. सुट्टी. ओटची बिस्किटं भाजून एल्वाकडे नेली. निवासात म्हातारबुवांनी कोटांवर वडिलांची पदकं लावली होती, भिंतीला धरून चालत होते.

एल्वा बिस्किट चहात बुडवत म्हणाली, "तुझा चेहरा असा का? कोणी मेलं का?"

"नाही. कामाचं आहे."

"मग सांगून टाक आणि मोकळी हो. तू लहानपणी बरणी फोडलीस की असाच चेहरा करायचीस. आणि मग आईला सांगायचीस, एल्वाने फोडली."

"असं मी कधी केलं?"

"नेहमी करायचीस की," ती म्हणाली, अगदी सहज. "मला काही वाटायचं नाही. तुला आई जास्त मारायची."

मला यातलं काही म्हणजे काहीच आठवत नाही. म्हातारपणी ताई गोष्टी रचते.

निघताना ती दारापर्यंत आली. एका हाताने भिंत, दुसऱ्या हातात गळ्यातलं ते मुकं बटण. सवयीने धरते म्हणे.

२६ एप्रिल, शुक्रवार

साहेब दिवसभर काचवाल्या कंपनीच्या लोकांबरोबर. एक मेच्या समारंभाची तयारी. अठ्ठेचाळीस खिडक्या. दारावर कागद लावलाय, त्यावर एवढाले ९३ आणि खाली साहेबांची सही. पॅनोने कागदाकडे बघितलं नाही. मीही नाही. दोघांची कारणं वेगळी, हे त्याला माहीत नाही.

२९ एप्रिल, सोमवार

सांगितलं.

साहेबांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, मार्चची वही समोर ठेवली. बोट ठेवून ओळी दाखवल्या. "इथे काच ठेवली. इथे काढलीच नाही. अक्षर माझं. खरा आकडा शेहेचाळीस आहे, रोवन. आणि नऊ नंबरला पंचवीस. बाकी तू बघ."

त्याने दोन्ही ओळी वाचल्या. मला वाटलं ओरडेल. वाटलं काय, हवंच होतं. माणूस ओरडला की आपल्याला उलट ओरडता येतं.

तो म्हणाला, "आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"मग बुधवारपर्यंत कोणाला बोलू नकोस."

"रोवन, दोन तारखेला काच कापायला घेतील."

"मला तारीख माहीत आहे, लॉर्ना. बोलू नकोस, एवढंच."

त्याने वही मिटून आपल्या ड्रॉवरमध्ये टाकली. वही प्रयोगशाळेबाहेर न्यायची नाही, हाही नियम आहे. माझाच.

म्हणजे झालं. अपेक्षेप्रमाणे! सह्या होऊ द्यायच्या, फोटो होऊ द्यायचे, मग म्हणायचं, अरेच्चा. बेडकाने तोंड मिटलं ते या कामासाठी. आपला मानमरातब सांभाळायला हा माणूस अठ्ठेचाळीस म्हाताऱ्यांना फरशीवर झोपवेल. एल्वाला झोपवेल. तेहेतीस वर्षं मी याच्या कॉफीत दूध घालत आले.

३० एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी केक केला. आईचा, जर्मन, वर लोण्याचा भुरभुरीत चुरा. चुरा जास्त पडला.

उद्या दहाच्या चहाला सगळे असणार — कंपनीचे लोक, निवासाच्या व्यवस्थापक बाई, पेपरवाल्या बाई. मी केक टेबलावर ठेवणार, यादी कपाटातून काढून सगळ्यांसमोर नाव लिहिणार, आणि नियम मोडून गुन्हाही सांगणार. साहेबांना हवं तर मला डिसेंबरऐवजी उद्याच निवृत्त करावं. निरोपाचा केक तयारच आहे.

१ मे, बुधवार

पोचायला उशीर झाला. डबा मांडीवर धरून गाडी चालवता येत नाही, म्हणून शेजारच्या सीटला पट्टा लावून त्याला बसवला आणि म्हातारीसारखी हळू आले.

दार ढकललं तर सगळे जमलेले. टेबलावर बेडकांचा हिरवा डबा. दारावरचा ९३ काढलेला. रोवन बोलत होता.

"— तर आकडा चुकीचा आहे. त्र्याण्णव नव्हे, शेहेचाळीस. चौकट रिकामी नव्हती, तिच्यात साधी काच राहिली होती, आणि मी न बघता सही केली. चूक माझी. पॅनोने दोन आठवड्यांपूर्वीपासून बरोबर मोजलं होतं, कोणी ऐकलं नाही. कंपनीला मी सोमवारीच कळवलंय. काच कापली जाणार नाही."

सोमवारीच. मी त्याच्या खोलीतून बाहेर पडल्यावर त्याने फोन उचलला असणार. आणि मी घरी जाऊन या रोजनिशीत काय काय लिहीत होते.

त्याने मला दारात बघितलं. डब्याकडे बघितलं. मान हलवली, इतकीच की फक्त मला दिसावी — नको. बाहेर ठेवून ये.

आता हे खरं लिहायचं तर लिहायलाच हवं: क्षणभर मी जाणार होते. एक पाऊल मागे पडलंसुद्धा. यादी कोरी, सगळं जिथल्या तिथे, आणि खायला बेडूक. मग पॅनो दिसला. भिंतीशी उभा होता, हातात कागदी बशी, आणि चेहरा असा की कोणी तरी पाठीवरची गोण उतरवली आहे.

मी डबा बेडकांच्या शेजारी ठेवला. म्हटलं, "याने काही केलेलं नाही. काच मी ठेवली आणि मीच काढायची विसरले. वहीत माझं अक्षर आहे."

निवासाच्या बाई एकदा या केककडे, एकदा त्या केककडे बघत होत्या. कंपनीच्या माणसाने विचारलं, "मग यातला खायचा कोणता?"

रोवन हळूच म्हणाला, "लॉर्ना, तुला सवय नाही. राहू द्यायचं होतंस."

यादी काढली. त्याने सकाळी विसाव्यांदा आपलं नाव लिहून ठेवलं होतं, त्यावर काट मारली. पॅनोच्या एकोणीस एप्रिलवरही मारली. खाली माझं लिहिलं. पॅनो जवळ आला. मी म्हटलं, "वीस वर्षं काचा लावल्यास, म्हणूनच तुला कळलं. मी जे बोलले ते मागे घेते. सगळ्यांसमोर बोलले होते, सगळ्यांसमोर घेते."

तो म्हणाला, "आई विचारत होती, तिचा केक तुला खरंच आवडला की तोंडदेखलं?"

"खरंच आवडला."

"मग ती तुला माफ करेल. माझं बघू." आणि माझ्या केकचा मोठा तुकडा घेतला.

३ मे, शुक्रवार

नक्षी बदलायला सहा महिने लागतील, पॅनो म्हणतो. तोवर निवासाचं काय, यावर बैठक. दोन तास. तीन डॉक्टरेटवाले फळ्यावर फुल्या काढत होते. शेवटी पॅनो उठला. "काचेतून जायचा हट्ट कशाला? खिडकीच्या चौकटीला भोक पाडू, तार बाहेर काढू, बाहेर एक छोटा अँटेना. सध्यापुरतं. मी अशी भोकं हजार पाडली आहेत."

तीन वर्षांचं संशोधन, जगात कोणाला न जमलेली काच, आणि शेवटी भोक. मी इतकी हसले की रोवनने मला पाणी आणून दिलं.

दुपारीच गॉलरला गेलो. नऊ नंबर पहिली. पॅनोने ड्रिल चालवलं, मी खाली कचरा धरायला वाडगा घेऊन, रोवन बाहेर शिडी धरून. तार जोडली. एल्वाला म्हटलं, "पडून दाखव." ती म्हणाली, "तूच पड, तुझी चूक आहे ना?" मग मीच पडले, गालिच्यावर. अकरा सेकंदांत परिचारिका दारात.

अकरा. मी तशीच पडून राहिले थोडा वेळ. एल्वाने बटण सोडून माझ्या केसांवर हात ठेवला. रडले, लिहायला हरकत नाही. खाली पडलेल्या माणसाला चालतं.

परत येताना गाडीत रोवनला विचारलं, "तू माझ्यासाठी का केक आणलास?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सवय." मी म्हटलं, "एकोणीस वेळा चुकायची?" तो हसला आणि विषय बदलला.

४ मे, शनिवार

सुट्टी होती, तरी प्रयोगशाळेत गेले. यादी काढली, जुन्या वह्या काढल्या, आणि रोवनच्या एकोणीस तारखा एकेक करून लावून पाहिल्या.

तेरा ठिकाणी, चुकलेल्या कामापुढे, अक्षर माझं आहे.

पर्थच्या वेळची केबलही मीच जोडली होती. तो निघून गेल्यावर दोन दिवसांनी.